राज्यघटना, दुरुस्त्यांसह

अमेरिकेचं नागरिकत्व मला पार्किंग लॉटमध्ये मिळालं, असं मी सांगतो. ते फारसं खोटं नाही. मुलाखतीच्या दिवशी गाडीत बसून, एका हातात बर्गर आणि दुसऱ्या हातात फोन धरून मी वीस मिनिटांत प्रश्नोत्तरं घोकली. आत गेलो. सहा उत्तरं बरोबर आल्याबरोबर समोरच्या अधिकाऱ्यानं प्रश्न विचारायचं थांबवलं. दहांपैकी सहा आली की पास. या देशाविषयीचं माझं ज्ञान त्या खुर्चीत जिथं थांबलं, तिथंच ते आजतागायत बसून आहे.

हा किस्सा मी काकांना रंगवून सांगितला, ही चूक झाली.

"उरलेल्या चार प्रश्नांचं काय?"

"विचारलेच नाहीत ना, काका."

"म्हणजे तू साठ टक्के नागरिक."

झालं. पुढं कितीतरी वर्षं आमच्या हर्नडन गावातल्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक बारशात काका माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "हा आमचा साठ टक्के." लोक हसायचे. मीही हसायचो. बायको माझ्यापेक्षा जरा जास्त हसायची.

काका नात्यानं आमचे कुणीच नव्हते. व्हर्जिनियातल्या एका सल्लागार कंपनीत बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्यांनी काढलेली पुलांची आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांची ड्रॉइंगं तपासणं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. काका जन्मभर मधल्या चौकटीत राहिले. रिटायर झाल्यावरही शर्टाच्या खिशातली लाल पेन्सिल गेली नाही, आणि समोर येईल तो कागद तपासल्याशिवाय हातातून सोडायचा नाही, ही खोडही गेली नाही.

फोनवर 'आय अ‍ॅग्री'चं बटण दाबण्याआधी वरचा सगळा मजकूर वाचणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे काका. त्यांनी नवा फोन घेतला तेव्हा तो सुरू व्हायला दोन दिवस लागले. भाड्याची गाडी घेताना ते करार उभ्यानं पूर्ण वाचत आणि मागच्या रांगेतली माणसं हळूहळू दुसऱ्या कंपनीच्या काउंटरकडं सरकत. टोल रोडवर पंचावन्नची पाटी असेल तर गाडीचा काटा पंचावन्नवर. मागं हॉर्न वाजले की म्हणत, "पाटी मी लावलेली नाही."

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "लिहिलंय का?" कुणी म्हटलं, देवळात चपला डावीकडं काढायच्या असतात, की लगेच, "लिहिलंय का? नाही ना? मग नाही." काकू म्हणजे त्यांच्या पत्नी सगळ्यांना आधीच सावध करायच्या. "ह्यांना तोंडी जेवायला बोलावू नका हं. मेसेज करा. नाहीतर घरी बसून राहतील." लग्न ठरल्यावर काकूंनी त्यांना पहिलं पत्र लिहिलं, तर उत्तरात दोन चुका कळवल्या होत्या म्हणे. "तरी मी हो म्हटलं," काकू सांगायच्या, "म्हणजे तिसरी चूक माझीच."

स्वतःची चूक मात्र काकांनी कधी कबूल केली नव्हती. एका मोरीच्या ड्रॉइंगचा किस्सा काकू अजून सांगतात. साइटवरच्या फोरमननं फोन केला, "सर, तुमच्या ड्रॉइंगमध्ये पाणी पूर्वेकडं जातंय. इथं ते पश्चिमेकडं जातंय. माझे बूट भिजलेत." काकांनी शांतपणे ड्रॉइंग उघडलं, पुन्हा तपासलं आणि फोनवर सांगितलं, "मग पाणी चुकतंय." पुढं साइटवर जाऊन ड्रॉइंग बदलावं लागलं ते लागलंच. पण फायलीत त्यांनी शेरा मारला तो असा: 'साइटवरची परिस्थिती वेगळी आढळली.'

आता काका पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला मुलीकडं असतात. तिथं वर्षातले आठ महिने पाऊस पडतो आणि तो कुठल्या दिशेनं वाहतो याची ते रोज खात्री करून घेतात, असं काकू फोनवर सांगतात. पण मी सांगतोय ते काका हर्नडनला होते तेव्हाचं, आणि मुख्यतः त्यांच्या वर्गाविषयी.

दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, लायब्ररीच्या छोट्या खोलीत काका नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग घ्यायचे. फुकट. विद्यार्थी म्हणजे आमच्यासारख्या आयटीवाल्यांचे आईवडील. कुणी नागपूरचे रिटायर्ड डॉक्टर, कुणी नाशिकच्या बँकेतल्या बाई. सगळे सत्तरीच्या अलीकडंपलीकडं. स्वेटर, मफलर, डब्यात चिवडा. काका उत्तरं नुसती पाठ करून घ्यायचे नाहीत, तपासून घ्यायचे. "या देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?" याचं छापील उत्तर 'राज्यघटना' एवढंच आहे. काकांना ते अपुरं वाटे. "नुसती राज्यघटना म्हणजे कुठली प्रत? कुठल्या तारखेची? नीट सांगा: राज्यघटना, दुरुस्त्यांसह." त्यामुळं आमच्या भागातले मराठी आजीआजोबा मुलाखतीत एका सुरात सांगायचे, "कॉन्स्टिट्यूशन, अ‍ॅज अमेंडेड." एका अधिकाऱ्यानं म्हणे पेन खाली ठेवून विचारलं होतं, "हे तुम्हाला सगळ्यांना शिकवतं कोण?"

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य दर बॅचला यायचं. कुणीतरी विचारायचंच, "काका, म्हणे इथल्या घटनेचा गुलामगिरीला पाठिंबा होता?" काका जणू याचीच वाट बघत असायचे. "लिहिलंय का? मूळ सात कलमं आहेत. गुलाम हा शब्द मला एकदा दाखवा. नाही सापडणार. तो शब्द पहिल्यांदा येतो तेराव्या दुरुस्तीत, आणि येतो तो गुलामगिरी नष्ट करायला. मग पाठिंबा कुठून आला?" लोक माना डोलवायचे. मी मागच्या खुर्चीत चिवडा खात असायचो. माझीही मान डोलायची.

मी तिथं असायचो, कारण आईला वर्गाला मी न्यायचो.

आई सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. आमच्याकडं, नातीच्या ओढीनं, आली ग्रीन कार्डवर. तिला अमेरिकन व्हायचं होतं ते भारतात जास्त दिवस राहता यावं म्हणून. हे वेड्यासारखं वाटेल, पण इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ग्रीन कार्डवाल्यानं फार दिवस बाहेर राहायचं नसतं. मागच्या खेपेला आई पावणेसहा महिन्यांनी परतली, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, तुम्ही नक्की राहता कुठं?" नागरिक झालं की ही कटकट संपते. आणि आईला आता वर्षभर सांगलीला राहायचं होतं. धाकट्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला होता. हात बरा होत होता, पण शब्द अडखळत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुणीतरी रोज समोर बसून बोलत राहिलं तर वाचा परत येईल. मावशीला दुसरं कुणी नाही. फोनवर ती आईचं नावसुद्धा अर्ध्यात सोडायची.

आईची मुलाखत झाली, पास झाली, शपथविधीची तारीख आली. तीन आठवडे होते. पास झालेल्यानं वर्गाला पेढे द्यायचे, अशी पद्धत. (ही कुठं लिहिलेली नव्हती, पण काकांनी कधी हरकत घेतली नाही.) त्या शनिवारी आई पेढ्यांचा डबा घेऊन उभी राहिली. दुसऱ्या हातात लायब्ररीत फुकट मिळणारी घटनेची छोटी पुस्तिका होती. गेले काही आठवडे ती शब्दकोश आणि भिंग घेऊन ती पुस्तिका वाचत होती. मला वाटलं, परीक्षेची तयारी.

"इंजिनिअरसाहेब," ती म्हणाली, "पेढे देण्याआधी एक शंका आहे."

"विचारा ना, बाई." काका तिला बाईच म्हणत.

"पहिल्याच कलमात आहे. कुठल्या राज्याला किती प्रतिनिधी मिळणार, ते लोक मोजून ठरवायचं. त्यात स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची, आणि 'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन पंचमांश. ह्या इतर व्यक्ती कोण?"

काकांनी चष्मा काढला. "ते... त्या काळात..."

"पुढं म्हटलंय, अशा व्यक्ती बाहेरून आणायला वीस वर्षं बंदी घालता येणार नाही. आणि चौथ्या कलमात, एका राज्यात कामाला बांधलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळून गेली तर तिला सोडायचं नाही, मागणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं. तीन ठिकाणं झाली. शब्द नाही, हे खरं. पण तीन पंचमांश म्हणजे किती हो?"

गणित सोपं होतं आणि मला हुशारी दाखवायची खाज. मी मागून म्हणालो, "साठ टक्के."

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. काकांनाही आलं. खोलीत कुणी हसलं नाही. काका माझ्याकडं बघत राहिले, मग टेबलाकडं. त्या दिवसानंतर त्यांनी मला त्या नावानं कधी हाक मारली नाही.

तरी ते सहज हार मानणारे नव्हते. "बाई, याचं एक कारण आहे. मसुदा करणाऱ्यांनी तो शब्द मुद्दाम बाहेर ठेवला. त्यांतल्या काहींना वाटत होतं, ही प्रथा एक दिवस जाईल. गेल्यावर कागदावर डाग राहायला नको."

आईनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "माझ्या माहेरी मागच्या खिडकीत एक कानतुटका कप असायचा," ती म्हणाली. "लाकडं फोडायला एक माणूस यायचा, त्याच्यासाठी. त्याला चहा वरून ओतायचा. किटली कपाला लागू द्यायची नाही. मी सात वर्षांची होते, ते काम माझ्याकडं होतं. हा नियम घरात कुठं लिहिलेला नव्हता. स्वयंपाकघर स्वच्छ राहावं म्हणून कप खिडकीत. तुमच्या मसुदेवाल्यांनी तेच केलं की नाही? कागद स्वच्छ, आणि कप खिडकीत."

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"त्या माणसाचं नाव मला आज सांगता येत नाही," आई म्हणाली. "घरात सगळे 'तो आलाय' एवढंच म्हणायचे."

मग तिनं पेढे वाटले. सगळ्यांनी ते फार गंभीरपणे खाल्ले.

घरी येताना गाडीत तिनं सांगून टाकलं, "मी शपथ घेणार नाही."

मी सिग्नलला जरा जोरातच ब्रेक मारला. "आई! अगं तारीख आलीय!"

"शपथेत काय आहे? या घटनेला पाठिंबा देईन, तिचं रक्षण करीन. हात वर करून म्हणायचं. मी ते कलम वाचलंय. आता न वाचल्यासारखं कसं करू?"

"ती एक फॉर्मॅलिटी असते गं. मी नाही का घेतली?"

"तू बर्गर खात होतास."

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढं घेतली. घरी बायकोनं प्रयत्न केला. ती नागपूरची, मुद्द्यावर येते. "आई, आणि मावशींचं काय? त्या वाट बघताहेत."

आईचा चेहरा उतरला. "तेच तर," ती म्हणाली. "शाळेत दर सव्वीस जानेवारीला मी मुलींना आपल्या घटनेतलं ते कलम वाचून दाखवायचे. अस्पृश्यता हा शब्द सरळ लिहिलाय, आणि ती नष्ट केलीय. वाचताना दर वर्षी मला तो कप दिसायचा. मुलींना मात्र एकदाही सांगितलं नाही. मुख्याध्यापिका ना मी. पस्तीस वर्षं गप्प बसले. आता हात वर करून पुन्हा गप्प बसायचं?" जरा थांबून ती म्हणाली, "सुमीसाठी मी काहीही करीन. पण तिच्यासमोर बसून रोज बोलायचंय मला. खोटं बोलून गेले तर काय बोलू?"

सुमी म्हणजे मावशी.

पुढच्या शनिवारी काकांनी वर्ग कॅन्सल केला. त्याच्या पुढच्याही. शपथेला सहा दिवस उरले होते. काकूंचा फोन आला, "जेवायला हाक मारावी लागते. टेबलभर कागद पसरलेत. विचारलं तर म्हणतात, तपासतोय."

रविवारी दुपारी दोघं न कळवता आमच्या दारात उभे राहिले. काका, न कळवता! त्यांच्या काखेत तीन फुटी गुंडाळी होती. त्यांनी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर बायकोचे डाळींचे डबे ठेवले. घटनेची मूळ सात कलमं आणि खाली सगळ्या दुरुस्त्या, एका मोठ्या शीटवर, ड्रॉइंगसारख्या छापून आणल्या होत्या. जागोजागी लाल पेन्सिलीनं काढलेले ढग. ड्रॉइंगमध्ये काही बदललं की त्या भागाभोवती ढगासारखी वेडीवाकडी रेघ काढायची आणि शेजारी बदलाचा नंबर लिहायचा, ही त्यांच्या धंद्यातली रीत. कोपऱ्यात तीन चौकटी होत्या. 'तपासलं' ही चौकट रिकामी होती.

"बाई," काका म्हणाले, "हे मी काढलंय. तुम्ही तपासायचंय."

आईनं भिंग आणलं. काका तिच्या शेजारी उभे राहिले, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"मी शब्द शोधत बसलो," ते म्हणाले. "तपासणारा माणूस शब्द शोधत नाही. भार कुठं जातोय ते बघतो. पुलाचा भार शेवटी कुठल्या खांबावर येतो, ते. बत्तीस वर्षं मी तेच केलं. आणि या कलमांचा भार कुणाच्या अंगावर येतोय, ते मी बघितलंच नाही."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी बायकोकडं.

"ती मोरी," काका पुढं म्हणाले, "माझीच चुकली होती. पाणी नव्हतं चुकलं. दुरुस्ती कधी ऑफिसातून निघत नाही, बाई. ज्याच्या बुटात पाणी शिरतं, त्याचा फोन येतो."

"आणि ह्यांचा फोन कुणी उचलला?" आईनं 'इतर व्यक्तीं'वर बोट ठेवलं.

"पाऊणशेहून जास्त वर्षं कुणी नाही. मग इथं यादवी युद्ध झालं. त्यानंतरसुद्धा नीट उचलला असं म्हणता येणार नाही. अजून वाजतोय."

आई शीटवर वाकली होती. तीन पंचमांशांच्या ओळीभोवती ढग होता, पण ओळ तशीच होती. "ही खोडली नाही तुम्ही?"

"इथं खोडत नाहीत. मूळ ओळ ठेवतात, दुरुस्ती शेवटी लिहितात. तुमच्या त्या पुस्तिकेतसुद्धा दोन्ही आहेत."

"म्हणजे माझ्या नातीला दोन्ही दिसणार."

"जो उघडेल त्याला दिसणार."

आईनं ती ओळ पुन्हा एकदा भिंगातून पाहिली. मग खुर्चीत बसली. "आमच्या खिडकीतला कप माझ्या आईनं एक दिवस फोडून टाकला," ती म्हणाली. "का, तर पुढं कुणी विचारायला नको. मग आम्ही सगळे म्हणायला मोकळे, आमच्या घरी तसलं काही नव्हतंच. मी माझ्या मुलालासुद्धा त्या शनिवारपर्यंत सांगितलं नव्हतं."

हे खरं होतं. मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते लायब्ररीत, तोंडात चिवडा असताना.

"इथं निदान कप जागेवर आहे," आई म्हणाली. तिनं भिंग खाली ठेवलं. "पण हे ढग पुरे नाहीत, इंजिनिअरसाहेब. ढगात काय आहे ते लिहा. स्पष्ट."

काकांनी खिशातली लाल पेन्सिल काढली, टोकाला फुंकर मारली आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गुलामगिरीला आधार होता का? होय. तीन ठिकाणी.'

"आता सही करा, बाई."

"आता नाही. हे आधी वर्गात वाचायचं. मग सही. आणि मग माझी शपथ."

आजवर आईनं किती शिक्षिकांना असं सांगितलं असेल कोण जाणे. काका फक्त म्हणाले, "कधी?"

"मंगळवारी. शनिवारपर्यंत थांबायला मला वेळ नाही."

मंगळवारी लायब्ररीत खास वर्ग भरला. गंमत म्हणजे नेहमीपेक्षा जास्त लोक आले. काकांनी शीट भिंतीला चिकटवली, आणि ज्या आवाजात ते इतकी वर्षं 'शब्द दाखवा' म्हणत आले, त्याच आवाजात समासातली ओळ वाचली. मग तीन ठिकाणं वाचली. मग तेरावी दुरुस्ती.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "पण काका, तुम्ही तर आम्हाला सांगितलं होतं..."

"मी चूक होतो," काका म्हणाले.

काकूंनी पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला. "एकावन्न वर्षं झाली लग्नाला," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय. कुणी रेकॉर्ड केलं का हो?"

खोली हसली. काकाही हसले, आणि त्यांचे खांदे सैल पडलेले मी पहिल्यांदा पाहिले. आई उठून भिंतीपाशी गेली आणि तिनं चौकटीत मराठीत पूर्ण नावानं सही केली.

काका एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले. ड्रॉइंग बदललं की जुनी प्रत ज्याला ज्याला गेली, त्या प्रत्येकाला कळवायचं असतं. त्यांनी वहीतून सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला टपालानं एक पान पाठवलं. वर 'बदल क्रमांक एक'. मजकूर पाच ओळींचा. शेवटी एरवी अशा पत्रात लिहितात, जुनी प्रत नष्ट करावी. काकांनी लिहिलं होतं: 'जुनी प्रत फाडू नये. दोन्ही शेजारी ठेवाव्यात.' शुगर लँड नावाच्या गावी मुलाकडं राहायला गेलेल्या एका आजोबांचा घाबरून फोन आला, "काका, मी सहा वर्षांपूर्वी तुमच्या जुन्या उत्तरांवर पास झालोय. आता नागरिकत्व काढून घेणार का?" काकांनी त्यांना तासभर समजावलं. बाकीच्यांनी बहुधा पत्र फ्रिजवर लावलं. आम्ही तरी लावलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी शपथविधी होता. आई नऊवारी नेसणार अशी धमकी देत होती, पण शेवटी पोचमपल्ली साडी आणि खाली स्नीकर्स यावर तडजोड झाली. मोठ्या दालनात पुढं नवे नागरिक, मागं आम्ही नातेवाईक. काका-काकू माझ्या शेजारी. पुढं आई एका इथिओपियन मुलीच्या आणि एका कोरियन आजोबांच्या मध्ये बसली होती. तिची पाठ मला दिसत होती. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहायची तशी ती ताठ उभी राहिली आणि तिनं उजवा हात वर केला.

माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकाही उभे राहिले होते. उजवा हात वर.

दाराजवळची गार्ड बाई हलक्या पावलांनी आली. "सर, गेस्ट्सनी उभं राहायची गरज नाही."

"आय नो," काका कुजबुजले. "मागच्या वेळी मी नीट तपासलं नव्हतं."

तिला ते कळलं नसणार. पण तिनं काकांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, थोडी थांबली, आणि मागं जाऊन उभी राहिली. पुढं मंचावरून एकेक वाक्य यायला लागलं, सगळं दालन ते मागून म्हणायला लागलं, आणि काका प्रत्येक शब्दावर जोर देत म्हणत होते, जणू कराराचं कलम वाचून घेताहेत.

मी बसूनच होतो. मग मला ते बरं वाटेना. मी उभा राहिलो. काकूंनी माझा कोट थोडा ओढला, मग सोडून दिला. मला शब्द येत नव्हते. इतकी वर्षं झाली होती, आणि पहिल्या वेळीसुद्धा माझं लक्ष दुपारच्या मीटिंगवर होतं. मी काकांच्या ओठांकडं बघत एक शब्द मागं राहून म्हणत गेलो. मधे एका लांब वाक्यात अडकलो. काकांनी न वळता आवाज थोडा मोठा केला आणि मला त्यातून बाहेर काढलं.

बाहेर ऊन पडलं होतं. आईनं सर्टिफिकेट बायकोच्या हातात दिलं, काकांना वाकून नमस्कार केला. काका दचकले. "अहो बाई, हे काय! मीच तुम्हाला करायला हवा."

"तुम्ही वयानं मोठे आहात," आई म्हणाली. "नियम आहे."

"लि..." काकांच्या ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं.

गाडीत बसल्यावर आईनं पट्टा लावला आणि विचारलं, "मागून दोन आवाज येत होते. एक चोख होता. दुसरा कोण चाचरत होतं रे?"

"मी."

"वाटलंच." ती म्हणाली. जरा वेळानं तिनं माझ्या फोनवरून सांगलीला फोन लावायला सांगितला. तिकडं संध्याकाळ झाली होती. फोन स्पीकरवर होता. पलीकडून मावशीचा श्वास ऐकू आला, आणि मग बराच वेळ शोधल्यासारखा एक शब्द: "अ... अक्का?"

"हो गं सुमे," आई म्हणाली. "कागदपत्रं झाली की येतेय. खूप बोलायचंय. तुला तो मागच्या खिडकीतला कप आठवतो का? नाही, आत्ता नको सांगूस. सावकाश आठव. मी आले की आपण त्या माणसाचं नाव शोधू."